दिवसा बाळोती, रात्री डायपर

सहा महिन्यांच्या बाळाने रात्रभर घातलेला डायपर सकाळी काट्यावर ठेवून बघा. पाकिटातून काढला तेव्हा तो जेमतेम ३० ते ३५ ग्रॅमचा होता. आता त्याचं वजन दोनशेच्या आसपास गेलेलं असतं, कधी त्याच्याही पुढे. म्हणजे आपण घंटागाडीत टाकतो त्यातला बहुतेक भाग लघवी आणि शी, आणि ती प्लॅस्टिकमध्ये अशी कोंडलेली की बाहेर निघणं अशक्य. ओल्या कचऱ्यात टाकलं तर खत बिघडतं, सुक्यात टाकलं तर कागद-पुठ्ठा नासतो. डायपरचं खरं दुखणं हेच आहे.

आता साधा हिशेब करू. दिवसाला सरासरी ६ डायपर आणि वापरलेल्या एकाचं वजन १५० ग्रॅम धरलं, तर रोजचा ९०० ग्रॅम कचरा झाला. वर्षाला साधारण ३३० किलो. दोन वर्षांत ४,३८० डायपर. एक डायपर १० रुपयांना पडतो असं धरलं तर ४३,८०० रुपये.

याच हिशेबात उत्तरही आहे. या सहांपैकी रात्रीचा डायपर एकच असतो, उरलेले पाच दिवसाचे. दिवसा बाळ घरात असतं, जवळ कोणीतरी जागं असतं, बदलायला दोन मिनिटं पुरतात. ते पाच कापडावर आणले आणि रात्रीचा एक तसाच ठेवला, तर वर्षाला २,१९० ऐवजी ३६५ डायपर लागतात. सहातले पाच हिस्से कचरा कमी झाला आणि कोणाची झोपही मोडली नाही. ‘सगळं कापडाचंच करायचं’ असं ठरवून पहिल्याच आठवड्यात थकून पुन्हा सगळं डायपरवर आणणारी घरं पुष्कळ आहेत. अर्ध्या वाटेवरचा हा मार्ग जास्त टिकतो, म्हणून आमचा आग्रह त्याचाच.

डायपरच्या पोटात काय असतं

बाळाच्या कातडीला लागतो तो पॉलिप्रोपिलीनचा, न विणलेला पातळ थर. बाहेरून पॉलिथिलीनचा थर, त्यातून ओल बाहेर येत नाही. मधल्या गाभ्यात लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले पांढरे बारीक दाणे. हे दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे, एका डायपरमध्ये साधारण १० ते १५ ग्रॅम. सगळी जादू त्यांची. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या काही शे पट शोषतात. लघवीत क्षार असतात, त्यामुळे ती तीसेक पटच शोषतात. पण तेवढंही रात्रभर पुरतं.

क्षारांमुळे काय होतं ते डोळ्यांनी बघता येतं. एक कोरा डायपर कापा, गाभ्यातले दाणे वाटीत झटका, वर अर्धी वाटी पाणी घाला. मिनिटभरात साबुदाण्याच्या खिरीसारखा गोळा होतो, वाटी उलटी केली तरी पडत नाही. आता त्यावर चमचाभर मीठ टाकून ढवळा. गोळ्याने धरून ठेवलेलं पाणी सुटू लागतं आणि तो पातळ होतो. ही युक्ती एरवीही कामाला येते. चुकून डायपर वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि सगळ्या कपड्यांना जेलीचे कण चिकटले, तर कपडे आधी वाळवून बाहेर झटका, ड्रम ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि मग रिकामं मशीन मूठभर मीठ टाकून एकदा फिरवा. मिठाने कण आक्रसतात आणि वाहून जातात.

काही घरांत डायपर टाकण्याआधी स्वच्छतेच्या भावनेने धुतला जातो. हे करू नका. पाणी लागलं की दाणे आणखी फुगतात, डायपर फाटतो, जेली मोरीत उतरते आणि पाइप तुंबतो. वर कचऱ्याचं वजनही वाढतं. शी तेवढी संडासात झटकायची, बाकी काहीही धुवायचं नाही.

पाकिटावर ‘बांबू’ किंवा ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असतं तेव्हा सावध राहा. बांबूपासून केलेला बहुतेक वेळा फक्त वरचा थर असतो, तोही व्हिस्कोस, म्हणजे लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेल्या धाग्याच्या रूपात. आत शोषणारे दाणे तेच, इलॅस्टिक तेच, चिकटपट्ट्या त्याच. मक्यापासून केलेलं प्लॅस्टिक असलं तरी ते कुजायला साधारण ५८ ते ६० अंश तापमानाचा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. घरच्या खताच्या डब्यात ते तापमान टिकत नाही आणि कचरा डेपोत कोणी ते राखत नाही. असा डायपर बाळाच्या कातडीला मानवत असेल तर जरूर घ्या, पण कचरा कमी होईल म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

कापड खरंच बरं पडतं का?

प्रश्न रास्त आहे. कापड धुवायला पाणी लागतं, वीज लागते, साबण लागतो. ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवर याचा सविस्तर अभ्यास झाला आणि २००८ साली त्याची सुधारित आकडेवारी आली. बाळ अडीच वर्षांचं होईपर्यंत फेकायच्या डायपरमुळे हवामानावर सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, आणि तिथल्या सरासरी सवयींनी वापरलेल्या कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो. म्हणजे जवळजवळ बरोबरी! हे वाचून पुष्कळ लोक तिथेच थांबतात. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की मशीन पूर्ण भरून धुतलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचा भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. उलट सगळे लंगोट विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले तर तो ४३ टक्क्यांनी वाढतो.

आपल्याकडे कपडे दोरीवर वाळतात, बहुतेक घरांत गार पाण्याने धुतले जातात आणि थोरल्याचं धाकट्याला घालण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तिकडे जी काळजी मुद्दाम घ्यावी लागते ती इथे रोजची रीत आहे. म्हणून आपल्या हवेत कापडाचं पारडं जड राहतं. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांनी मात्र ड्रायरचं गणित नीट बघावं. थंडीत घरातल्या हीटरजवळ घडीच्या स्टँडवर वाळवलं तरी मोठा फरक पडतो.

कापड कुठलं, किती, घडी कशी

बाजारात शिवलेले लंगोट मिळतात, बटणांचे कापडी डायपर मिळतात, आत सरकवायच्या जाड गाद्या मिळतात. दिसायला छान, घालायला सोपे. पण रोजच्या वापरात त्यांच्यापेक्षा सरस ठरतं ते एकपदरी चौकोनी बाळोतं. कारण साधं आहे. शिवलेल्या गादीचे सहा-आठ पदर कायम एकमेकांना चिकटलेले राहतात. साबण आतपर्यंत पोचत नाही, पोचला तर निघत नाही आणि पावसाळ्यात मधला पदर दोन-दोन दिवस ओला राहतो. बाळोत्याला घडी घातली की तेही आठ पदरी होतं, उलगडलं की पुन्हा एकपदरी. धुताना स्वच्छ निघतं आणि वाळतंही भरभर.

कापड सुतीच हवं. जुनं धोतर, सुती नऊवारी, मलमल, मऊ झालेली सुती चादर यातलं काहीही चालेल. साडे चार मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद धोतरातून ६० सेंटिमीटरचे १४ चौकोन निघतात. विरलेला भाग सोडला तरी दहा-बारा कुठे गेले नाहीत. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची साडी कितीही मऊ लागली तरी उपयोगाची नाही. शंका असेल तर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत जिरला तर कापड घ्या. मोत्यासारखा वर बसून राहिला तर एकतर ते सुती नाही, किंवा नवं आहे आणि त्यावर खळ आहे. नवं मलमल किंवा मांजरपाट तीन-चार वेळा गरम पाण्यात साबणाने धुतल्याशिवाय नीट शोषत नाही. नवी बाळोती पहिल्याच दिवशी गळतात ती याच कारणाने, आणि दोष मात्र कापडी पद्धतीवर येतो.

नुकत्या जन्मलेल्या बाळाला दिवसरात्र मिळून १० ते १२ वेळा बदलावं लागतं. रोज धुणं होत असेल तर २४ बाळोती पुरतात, पावसाळ्यात ३६ हवीत. सहा महिन्यांनंतर गरज कमी होत जाते.

घडी अशी घाला. ६० सेंटिमीटरच्या चौकोनाच्या आधी चार पट्ट्या करा, म्हणजे १५ बाय ६० ची चारपदरी पट्टी झाली. ती मधोमध दुमडली की १५ बाय ३० ची आठपदरी गादी. लहान बाळाला हे माप बरोबर बसतं. बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की दोन बाळोती एकावर एक ठेवून तीन पट्ट्या करा आणि एका टोकाचे २० सेंटिमीटर आत दुमडा. २० बाय ४० ची गादी होते, दुमडलेल्या अर्ध्यात दुप्पट पदर. मुलगा असेल तर हा जाड भाग पुढे, मुलगी असेल तर मधे आणि मागे. नाळ पडेपर्यंत पुढची कड नाळेच्या खाली राहिली पाहिजे.

ही गादी नाडीच्या लंगोटात धरून बसते. घरात, मेणकापडावर दुपटं घातलेलं असेल तर एवढंच पुरतं. बाळ कडेवर असेल, बाहेर जायचं असेल तर वरून जलरोधक कव्हर घाला. हे पॉलिएस्टरच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ थर देऊन केलेलं असतं. कव्हर दर वेळी धुवायची गरज नाही. फक्त शू झाली असेल तर आतून ओल्या फडक्याने पुसा, वाऱ्यावर टांगा, तोवर दुसरं घाला. शी लागली तरच धुवा. अशी ४-५ कव्हरं पुरेशी होतात.

कव्हरमधून गळतं तेव्हा बहुतेक वेळा बाळोत्याची कड बाहेर डोकावत असते. कापड वातीसारखं काम करतं आणि ओल झबल्यापर्यंत पोचवतं. बोट फिरवून सगळी कड आत सारा. मांडीजवळ फट दिसत असेल तर बटण एक घर आत घ्या, पण मांडीवर वळ उठेल इतकं आवळू नका. दोन्ही बाजू ठीक असूनही गळत असेल तर पदर कमी पडताहेत किंवा बदलायला उशीर होतोय. दिवसा दर दोन तासांनी बघायचं, शी झाली की लगेच बदलायचं.

कापडाचा एक फायदा कचऱ्याच्या पलीकडचा आहे. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसरात्र मिळून निदान सहा वेळा ओलं करत असेल तर त्याला दूध पुरतंय असं समजतात. बाळोत्यात हे सहज मोजता येतं. डायपरमध्ये कळत नाही, कारण तो वरून कोरडाच लागतो. ज्यांना डायपरच वापरायचा आहे त्यांनी एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिलिलिटर पाणी ओतून तो हातात धरून बघावा. ओल्या डायपरचा भार हाताला कळू लागतो.

धुणं: इथेच बहुतेक लोक अडतात

आधी एक स्पष्ट सांगतो. शीचं बाळोतं तसंच बादलीत टाकून धुणंभांडी करणाऱ्या मावशींसाठी ठेवायचं नाही. शी धुऊन काढायचं काम घरच्यांचं, आणि ते आईएवढंच बाबाचंही.

फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पातळ आणि पाण्यात विरघळणारी असते. संडासातल्या जेटखाली बाळोतं धरलं की अर्ध्या मिनिटात निघते. वरचं खाणं सुरू झालं की ती घट्ट होते. तेव्हा बाळोत्याच्या घडीवर पातळ मलमलचा एक तुकडा ठेवा, तो उचलून शी संडासात झटकायची आणि फक्त तुकडा जेटखाली धरायचा. पाणी गारच हवं. गरम पाण्याने शीतली प्रथिनं कापडात बसतात आणि डाग पक्का होतो.

विसळलेली बाळोती झाकणाच्या कोरड्या बादलीत ठेवा. पाण्यात भिजत ठेवायची जुनी सवय सोडा. पाणी आंबतं, वास वाढतो आणि रांगणारं मूल घरात असेल तर भरलेली बादली जिवाला धोका ठरू शकते.

हाताने धुणार असाल तर दहा बाळोत्यांना अर्धी बादली पाणी, मोठा चमचाभर डिटर्जंट पावडर, पंधरा-वीस मिनिटं भिजवणं, मग चोळून दोनदा स्वच्छ पाण्यातून काढणं. फेस दिसेनासा झाला पाहिजे. सगळं मिळून ३० ते ३५ लिटर पाणी लागतं. मशीनमध्ये आधी गार पाण्याचा छोटा फेरा, मग ४० ते ६० अंशांवर मोठा. ड्रम तीन चतुर्थांश भरा. कमी भरला तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, ठासून भरला तर पाणी फिरत नाही.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाची वडी वापरू नका. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो, तो धाग्यावर बसतो आणि बाळोतं पाणी शोषेनासं होतं. डिटर्जंट पावडरीने हे बरंच कमी होतं, जड पाण्यात ती थोडी जास्त घाला. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावणही नको, तेही धाग्यावर थर देतं. जंतुनाशकाचे थेंब शेवटच्या पाण्यात टाकायची गरज नाही. ते कापडात राहिलं तर बाळाच्या कातडीला झोंबतं. धुतलेल्या बाळोत्याला शू झाल्या झाल्या नाकात जाणारा उग्र वास येत असेल, तर आत जुनी लघवी किंवा साबण उरलाय असं समजा. सुती बाळोती दहा मिनिटं खळखळ उकळा, भरपूर पाण्यातून काढा, कडक उन्हात घाला. कव्हर मात्र कधीही उकळू नका. आतला थर सुटतो आणि ते कायमचं गळकं होतं.

डाग राहिला तर ओल्या बाळोत्यावर दुपारचं ऊन पडू द्या. दोन-तीन दिवसांत पिवळेपणा जातो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, खरी कसोटी लागते. मशीन असेल तर हाताने धुतलेली बाळोतीही शेवटी त्यात पिळून घ्या. पंख्याखाली एकेक पदर सुटा टांगा, दोन चिमट्यांमध्ये वारा खेळेल इतकं अंतर ठेवा. एकपदरी मलमल रात्रीतून वाळतं. उरलेला दमटपणा इस्त्रीने काढा. त्या तीन महिन्यांत दिवसाचा आणखी एखादा डायपर वाढला तरी बिघडत नाही.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकर आठवड्यातून एकदा येत असेल, तेव्हा रोजचे ३५ लिटर ही चैन होते. शेवटचं विसळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी शीची बाळोती धुवायला किंवा संडासात ओतायला ठेवा. तरीही जमत नसेल तर तेवढे दिवस डायपर वापरा. पिण्याच्या पाण्याला धक्का लावून कचरा वाचवण्यात अर्थ नाही.

पुसायचं काय?

एका बदलाला दोन-तीन वाइप्स, दिवसाला सहा-सात वेळा म्हणजे पंधरा-वीस वाइप्स. दिसायला कागद, पण बहुतेक वाइप्समध्ये पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनचे धागे असतात. त्या पाण्यात विरत नाहीत, म्हणून संडासात टाकल्या की ड्रेनेज तुंबतं. घरात त्यांची गरजही नाही. मोरीत कोमट पाण्याने ढुंगण धुऊन मऊ कापडाने टिपणं हीच आपली रीत आहे आणि कातडीला तीच चांगली.

बाबांचे जुने बनियन घ्या, १५ सेंटिमीटरचे चौकोन कापा. होजिअरीचं कापड कडेने वळतं पण उसवत नाही, म्हणून शिवायची गरज नाही. २०-२५ तुकडे पुरतात, बाळोत्यांबरोबरच धुतले जातात. वाळून चिकटलेल्या शीला तुकड्यावर दोन थेंब खोबरेल तेल घ्या, न घासता निघते. मुलीला नेहमी पुढून मागे पुसा. पावडर टाळा, ती श्वासावाटे आत जाते आणि घड्यांमध्ये ओलीने गोळा होऊन घासते. लाली आली तर झिंक ऑक्साइडचं मलम लावा, पण खाली मलमलचा तुकडा ठेवा, नाहीतर मलम बाळोत्यात शिरून त्याचं शोषणं बंद करतं. लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

पायावर बसवणं

न वापरलेल्या डायपरचा कचरा होत नाही, आणि त्यासाठीची युक्ती घराघरांत आजीकडे आहे. बाळाने मान धरली की त्याला पायावर बसवायचं. बसणाऱ्याने पाय लांब करून पावलांमध्ये थोडं अंतर ठेवायचं, बाळाच्या मांड्या दोन्ही पावलांवर टेकवायच्या, काखेत हात देऊन धरायचं, खाली जुनं वर्तमानपत्र किंवा पॉट. आणि हळूच ‘शूऽऽ’. उकिडव्या बसण्याने शी सहज उतरते.

वेळ महत्त्वाची. झोपून उठल्याबरोबर, आणि दूध प्यायल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. पोटात दूध गेलं की आतडं आपोआप हलू लागतं, म्हणून त्या वेळी शी होण्याची शक्यता जास्त. पाच मिनिटांत काही झालं नाही तर उचलून घ्या, रडवून बसवू नका. दिवसातून एक शी अशी धरली तरी एक बाळोतं आणि ते धुण्याचं सगळ्यात कंटाळवाणं काम वाचतं. पुढे दीड-दोन वर्षांचं मूल पॉटवर बसायला लागतं तेव्हा ही सवय उपयोगी पडते.

रात्रीचा डायपर आणि तो टाकणं

मोठा गठ्ठा स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढतं, नवजात बाळाच्या मापाची पाकिटं बघता बघता लहान पडतात आणि उरलेले डायपर कोरेच कचऱ्यात जातात. वजनाच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बाळ असेल तर रात्रीसाठी पुढचं माप घ्या, ते जास्त धरतं. रात्री फक्त ओलं असेल तर उठवून बदलायची गरज नाही, शी झाली तर मात्र लगेच बदला.

टाकताना आधी शी संडासात. बाळाची शी निरुपद्रवी असते हा गैरसमज आहे. जुलाब करणारा रोटाव्हायरस तिच्यातूनच पसरतो, आणि तोंडावाटे पोलिओची लस घेतलेल्या बाळाच्या शीतून लसीतला विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो. हा डायपर पुढे कोणाच्या तरी उघड्या हातात जाणार आहे, हे विसरू नका. डायपर पुढून मागे घट्ट गुंडाळा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करा. पँटसारखा असेल तर बाजूच्या शिवणी फाडून काढा, पायांतून ओढून काढला तर शी मांड्यांना लागते. मग वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात बांधा आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा. लाल ठिपक्याची ही खूण पुण्यात कचरावेचकांनी रुजवली, म्हणजे पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेच्या सभासदांनी यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही तयार केल्या. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळा कचरा एकत्र बांधला की तीच माणसं ती पिशवी हाताने उघडतात.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक डायपरसोबत टाकायची पिशवी द्यायची किंवा पुनर्वापर होऊ शकेल असा माल वापरण्याची शक्यता शोधायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पाकिटात पिशवी नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तक्रार करा. मुंबईत महापालिकेने २०२५ मध्ये असा कचरा सोसायट्यांकडून वेगळा उचलायला सुरुवात केली. तुमच्या सोसायटीने नाव नोंदवलं आहे का ते विचारा. गावात घंटागाडी येत नसेल तर डायपर ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर नको, कुत्री तो फाडून जेली अंगणभर पसरवतात. जाळणंही नको, ओला गाभा धुमसत राहतो आणि प्लॅस्टिकचा धूर घरात येतो. तिथे तर दिवसाची बाळोती आणि पायावर बसवणं हाच सगळ्यात मोठा आधार.

बाळोती पुढच्या बाळासाठी ठेवताना

मूल मोठं झालं की विरलेली बाळोती पुसायला घ्या, चांगली ठेवून द्या. शेवटचं धुणं साबण पूर्ण निघेपर्यंत करा, दोन उन्हं दाखवा, कडकडीत वाळल्यावर सुती पिशवीत बांधा. कव्हरं घडी न घालता सैल ठेवा, घडीवर आतला थर तडकतो. पेटीत डांबरगोळ्या मात्र अजिबात टाकू नका. त्यांतलं नॅप्थलीन कापडात मुरतं आणि काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटून कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. नातेवाइकांकडून जुनी बाळोती आली आणि त्यांना डांबरगोळीचा वास येत असेल, तर ती धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात-वाऱ्यावर ठेवा. आठवडाभराने नाकाशी धरून पाहा, थोडासाही वास उरला असेल तर ती बाळोती बाळाला न लावता पुसायला घ्या.